न जुळलेलं हाड

एक्स-रेच्या खोलीबाहेर ती लेकाला मांडीवर घेऊन बसली होती. गळ्याजवळचं हाड मोडल्यामुळे त्याचा हात झोळीत होता. शेजारच्या बाकावर एक रंगारी आणि त्याची बायको बोलत होती. मुलाची आई भिंतीवरच्या पाट्या वाचत होती, पण कान तिकडेच होते.

“चार महिने झोळी बांधली, तरी तुमचं हाड जुळलं नाहीच.”

“पुष्कळांचं जुळतं गं तसंच.”

“पुष्कळांचं घेऊन काय करू? तेव्हाच ऑपरेशन करून प्लेट टाकली असती, तर आज छतं रंगवत असता. मीच मेली आडवी आले.”

“रडू नकोस. एक सांगू? चिडशील.”

“आता चिडायचं काय राहिलंय?”

“तू फक्त ‘भीती वाटते’ म्हणाली होतीस. ऑपरेशनला घाबरलो मी. डॉक्टरांना सांगितलं, बायको नको म्हणते.”

“आणि सासूबाईंना?”

“तेच.”

“अहो, चार महिने त्या मला टोचून बोलतायत, मी खाली मान घालून ऐकतेय. समोर बसून तुम्हाला जेवण कसं गेलं हो?”