बंद करतानाचं चित्र

— नाही नाही काका, फाईल खराब नाही, घाबरू नका. घाबरायचं खातं या दुकानात माझ्याकडे आहे. बसा. ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या. तर तुमच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क वाचता आली, आणि सुरू होताना तुमच्या मुलाचा हसरा चेहरा दिसायचा म्हणालात ना — तो गेला त्या सुमाराचा एकच फोटो, बाकी सगळे लहानपणीचे — तो सापडला. कुठलाच प्रोग्रॅम उघडत नव्हता हो त्याला. का? तर आत साधं चित्र, पण नावाचं शेपूट सिस्टिमच्या फाईलचं. शेपूट बदललं, उघडलं, आणि दचकलेच मी — चेहरा अगदी काडीसारखा! म्हटलं, आजारी होता की काय. तसं नव्हतं. ही चित्रं रुंदीला निम्मी दाबूनच ठेवायची असतात, पडद्यावर आपोआप ताणली जातात. मी दुप्पट रुंद केलं. हे बघा. आले ना गाल? खळीसुद्धा आली... घ्या, पाणी घ्या.

त्या जुन्या कॉम्प्युटरांत अशी तीन चित्रं असतात, हवी तर आपली घालता येतात. एक सुरू होतानाचं, मग बंद करायला घेतलं की ‘थांबा’ म्हणणारं, आणि शेवटी ‘आता बंद करायला हरकत नाही’ म्हणणारं. दुसरं कंपनीचं होतं तसंच आहे. तिसरं — तिसरं राहू द्या. अहो, काही नाही म्हणजे चित्रच नाही ते, नुसती अक्षरं, माउसने काढलेली, वेडीवाकडी. तुम्हाला तर पाठ असतील. परवा तुम्हीच म्हणालात ना, पोरगा कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून खोलीत निघून जायचा म्हणून झोपण्याआधी रोज मीच बंद करायचो? आणि तेव्हा तुमचं बोलणंही बंद होतं, महिनाभर? मग — रागावू नका हं — काल घरी जाताना मला तुमचा रागच आला होता. माणूस रोज एवढं वाचतो आणि तरी अबोला सोडत नाही? आमच्याकडेही आहे अबोला, बाबा आणि मी, भाजीत मीठ कमी पडलं तरी ते आईमार्फत कळवतात — पण मी असं लिहिलं असतं ना, तर बाबासुद्धा...

काय? भिंतीवरचं बटण?

थेट? म्हणजे कॉम्प्युटरला आधी काही न सांगता, खटकन? रोज? पण मग ते शेवटचं चित्र येतच नाही काका, मग तुम्ही ते कधी —

अगं बाई! — काही नाही, प्रिंटर वाजला.

मी काही म्हटलं नाही. नाही, म्हटलं. आता तोंडातून निघून गेलंय तर... लिहिलंय, ‘बाबा, तुमच्याशी बोलायचंय. मला हे कॉलेज झेपत नाही, काहीच झेपत नाही. रागावू नका. हाक मारा, मी जागा आहे.’ एवढंच. सुरुवातीच्या चित्रावर लिहिलं असतं तर काकूंनी वाचलं असतं, घरभर झालं असतं. शेवटी तिथे फक्त तुम्ही असायचात, म्हणून शेवटच्यावर. त्याचं काही चुकलं नव्हतं हो. तुमचंही — तुम्हाला कुठे माहीत होतं? त्याला वाटलं असेल, बाबांनी वाचलं, आणि तरी... नाही, ते जाऊ द्या, ते मी बोलले नाही. फाईलवर तारीख आहे, नऊ फेब्रुवारी. तो कधी...

सव्वीसला.

सतरा दिवस. अहो, मी मोजत नव्हते, आपोआप मोजलं गेलं, माझं हे असंच होतं. हे पाकीट घ्या, यात हसणारा आहे, दोन प्रती. पैसे राहू द्या. तिसरं मी छापलेलं नाही. पुसून टाकू? का दाखवू? नुसती मान हलवू नका काका, कशाला हो म्हणताय ते मला कळत नाही.

बरं. लावते. इकडे सरका, इथून नीट दिसेल. मी दाराशी उभी राहते, कोणाला आत येऊ देत नाही. आणि बोलत नाही आता.