पिशवी काढायची नाही

हॅलो?… हो, मूत्राशयाच्या कॅन्सरचा विभाग. मी नव्या औषधाच्या अभ्यासाची नर्स बोलतेय… काका, तुम्ही होय! अहो, मी आत्ता तुम्हालाच… ऐका ना… बरं, आधी तुम्ही बोला.

हं… दुकानातून बोलताय? आणि गिऱ्हाईक?… अर्ध्या दाढीवर बसवून ठेवलंय? काका!… हो, सारखं लघवीला पळावं लागतं, माहितीये मला… रक्तही जातं, कळतंय…

काय? अभ्यासातून नाव काढून टाकू? का पण?… लघवीची पिशवीच काढून टाकायची? अहो, मूत्राशय म्हणजे काय दाढ आहे? कोणी ठरवलं हे?… मेहुण्यांनी? काय करतात ते?… फरशा बसवतात. बरं.

नाही, हसत नाहीये… म्हणजे हसतेय, पण त्याला नाही… हो, तुमच्या वाट्याला जुनं औषध आलं, नवं दुसऱ्यांना मिळालं. ते संगणकानं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, मी नाही! वर्षभर हेच ऐकवताय मला… बोला, बोला, काढा राग… झालं?

आता माझं ऐका. अभ्यास थांबवलाय… तुमच्यामुळे नाही हो!… बंद नाही पडला, जिंकलाय! काका, नवं औषध जिंकलं! आमच्या कामावर बाहेरच्या तज्ज्ञांची समिती लक्ष ठेवते ना, त्यांनी सगळ्यांचे रिपोर्ट मांडून पाहिले आणि सांगितलं, नवं उघड उघड सरस आहे, आता जुनं कोणाला देत बसू नका… आज सकाळी कळलं. कालपर्यंत मलाही माहीत नव्हतं, आईशप्पथ.

म्हणजे काय म्हणजे? तुम्हालाही आता नवं मिळणार!

अहो, वस्तरा आधी खाली ठेवा!

चेष्टा कशाला करीन?… गाठ परत आलीये, खरंय. पण परवाच्या तपासणीत ती वरवरच होती, स्नायूत शिरलेली नव्हती. म्हणून डॉक्टरबाई म्हणतात, पिशवीला हात लावायची घाई नको, आधी हे देऊन बघू… हो, तसंच, नळीनं आत सोडायचं… सगळ्यांचीच गाठ जाते, असं नाही सांगणार मी. पण निम्म्याहून जास्त लोकांची गेलीये. दुर्बिणीतून शोधूनही सापडत नाही!

कोण? तुमच्याबरोबर यायचे ते मास्तर?… हो, त्यांनाही जुनंच मिळालं होतं, पिशवी काढावीच लागली… नाही, त्यांना आता याचा उपयोग नाही… असं नका ना म्हणू. फुकट कसं गेलं? तुमच्यासारख्यांशी ताडून पाहिलं म्हणून तर कळलं, नवं किती चांगलं आहे ते. तुम्ही दोघं नसतात तर आम्ही कशाच्या जोरावर बोलणार होतो?… मी स्वतः जाऊन सांगणार आहे त्यांना.

द्या, काकूंना द्या… काकू? हो, खरंच… अगदी खरं… अहो, रडू नका… बरं, रडा, मनसोक्त रडा! सोमवारी सकाळी घेऊन या त्यांना… मेहुणेही? आणा की!

हं, काका, काय म्हणालात?… आभार कोणाचे मानायचे?… थांबा, थांबा, फोन स्पीकरवर टाकते. डॉक्टरबाई इथेच उभ्या आहेत, किती वर्षं खपल्यात या औषधामागे. हं… आता म्हणा परत.

…

नाही काका, फोन चालूच आहे… ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं… डॉक्टरबाई स्वतः सोमवारच्या यादीत तुमचं नाव लिहितायत… ठेवते हं.