अकरा पायऱ्यांची टाकी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील व्यवस्थापक साहेब, डॉक्टर साहेब, खाली पहिल्या रांगेत बसलेले आपले सत्कारमूर्ती काका, काकू आणि माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

मला बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलं आहे.

आपल्याकडे कोळंबीची कवचं येतात आणि ग्लुकोसामाइनची पांढरी पूड होऊन बाहेर जाते. लोक ती गुडघ्यांसाठी घेतात. तिच्यासाठी काका एकतीस वर्षं ओल्या फरशीवर उभे राहिले. काकूंनी एकदा विचारलं, "अहो, त्या पुडीनं तुम्हाला कसा फरक पडत नाही?" काका म्हणाले, "कोळंबीला तरी कुठे पडला?"

हसू नका. म्हणजे हसा, त्यांना आवडेल.

कवचं ज्या आम्लात भिजतात, त्या टाकीला अकरा पायऱ्या आहेत. वर चढून कवच काढायचं, धुवायचं, चिमटीत दाबून किती मऊ झालंय ते बघायचं. टाकी कधी थांबवायची हे काकांच्या बोटांना कळतं. गेल्या वर्षापासून त्यांना चढवेना. मग मी चढायचो आणि कवच धुऊन खाली त्यांच्या हातात द्यायचो. "अजून वीस मिनिटं, घाबरटा," एवढंच म्हणायचे. नोंदवहीत 'टाकीवर कोण चढले' या रकान्यात मी त्यांचंच नाव लिहायचो. वर्षभरात एकही टाकी बिघडली नाही.

मग तपासणी आली. तपासणीच्या साहेबांनी सहज विचारलं, "नोंदी बरोबर आहेत ना?" मी घाबरलो आणि सगळं सांगून टाकलं. एवढं कुणी विचारलं होतं का? नव्हतं. काकांच्या निवृत्तीला अजून चार वर्षं बाकी होती. आजचा समारंभ माझ्यामुळे आहे.

त्या दुपारी काका डबा उघडून म्हणाले, "खरं बोललास ना? मग जेव."

कंपनीने भेट म्हणून याच पुडीचे बारा डबे दिले आहेत. आम्ही आभारी आहोत. विनंती एकच. व्यासपीठाला पायऱ्या आहेत. काकांना वर बोलावू नये, मी खाली नेऊन देतो.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, धन्यवाद. वाचताना काही चुकलं असेल तर पदरात घ्या. खरं बोलल्याची माफी कशी मागतात मला माहीत नाही, पण ती सभागृहाकडे नाही, काकांकडे मागायची आहे.

काका, सकाळची टाकी अजून चालू आहे. सांगणारं कुणी नाही. कवच धुऊन रुमालात आणलंय. जरा दाबून सांगता का, अजून किती वेळ?