चुकलाय असं लिवा

आमी मूळचं माळशिरसकडलं, मेंढरं राखणारी माणसं, काय सांगू तुमास्नी, वही उघडून बसलाय म्हणून सांगते, पाणी म्हंजे तळ्याचं न्हायतर टँकरचं, समुद्र मी अजून बघितला न्हाय, आन माझा ल्योक बिरा त्योच नेमका बोटीवर खलाशी झाला. मालक वारल्यावर मेंढरं इकून मी हितं शुक्रवार पेठेत आले, चादरीच्या दुकानात घड्या घालते, आजूनबी घालते, हात थांबतच न्हाईत की.

जाताना त्यानं नव्या वहाणा घेतल्या, जाड चामड्याच्या, कर्रकर्र वाजणाऱ्या. मी म्हणलं आरं बोटीवर कोण वहाणा घालतं, तर म्हणला आये, बंदरावर उतरलो की घालीन, आपला माणूस लांबनं वळखू येतो. दोन वरसं झाली. बोट वादळात बुडाली, काई माणसं घावली, बिरा घावला न्हाय.

त्याची पोरगी सारिका, माझी नात, शाळेच्या प्रश्नमंजुषेत हाय, दिसभर मोठ्यांदा पाठ करती. एकदा पुस्तकातल्या नकाशावर तिनं आईची हिरवी बांगडी ठिवली आन म्हणली आजी, ह्या बांगडीच्या आत जेवढी माणसं राहत्यात तेवढी भाईरच्या सगळ्या जगात मिळून न्हाईत. मी म्हणलं कायबी सांगती, तर म्हणली खरंच, आपण बी आतच हाय. मग मी इचारलं, तुज्या बापाची बोट कुटं बुडाली, आत का भाईर. तिनं निळ्या जागेवर पेन्सिल टेकवली, ती बी आतच. एवढी माणसं त्या बांगडीत, आन एकाला बी माझं लेकरू दिसलं न्हाय व्हय. लई राग आला मला, कुणावर काढू.

मग ती बुडालेल्या बोटींचं पाठ करायला लागली. एक लई मोठी बोट, बुडणारच न्हाय म्हणत व्हते, ती पहिल्याच खेपेला बुडाली, आन सत्तरावर वरसांनी तळाला घावली. मला बरं वाटलं, म्हणलं मग माणसं बी घावली आसतील. पोरगी पान उलटाया लागली. मी म्हणलं वाच की फुडं. मग हळूच वाचलं, माणसं न्हाईत, हाडं बी पाण्यात विरघळली, चामड्याचे बूट तेवढे राहिलेत, जोडीजोडीनं, माणूस पडलं तितंच. माझी सून शालन भाकरी थापत व्हती, तिचा हात थांबला. मला त्या वहाणा आठवल्या, तिला बी आठवल्या आसतील.

बोटीवाल्यांचा माणूस कागद ठिवून गेलाय, बिरा मेला हे आमाला मान्य हाय म्हणून, आईचा अंगठा आन बायकोची सही पायजे. शालन म्हणती आत्या, तुमी केला की मी करीन. आमच्यात सांजंला मेंढरू दिसलं न्हाय तर मेलं म्हणत न्हाईत, चुकलं म्हणत्यात, वाट चुकलं, कातडं न्हायतर लोकर हाताला लागल्याबिगर मेलं म्हणायचं न्हाय, मामंजींनी शिकिवलेलं. त्या माणसाला म्या तेच सांगितलं, चुकलाय म्हणून लिवा, तर त्यो म्हणला आजी, असा रकाना न्हाय.

पर शालनला किती दिस अशीच ठिवू, ना हिकडं ना तिकडं. आज सकाळी म्हणलं आण त्यो कागद, उद्या देते अंगठा. बांगड्या मातर काढू नगंस म्हणलं, सारिकाला नकाशावर बांगडी ठिवायला लागती. काय करणार, माझ्या हातात एवढंच हाय.

तुमची लेकरं सांजंला घरी येऊ द्यात, बाबा. आन तुमच्या वहीला काई रकानं न्हाईत न्हवं, मग तितं तरी मेला लिवू नका. चुकलाय असं लिवा.