नवमीला हाताने आवळलेलं चाक

अध्यक्षस्थानी विराजमान झालेले सरपंच पुंडलिकरावजी, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे बदली होऊन निघालेले ढोरांच्या दवाखान्याचे डॉक्टर माधवराव, पहिल्या ओळीत बसलेल्या कुंताबाई, आणि कारंजाच्या व आसपासच्या खेड्यांतल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

आधी एक कबूल करतो. हे भाषण लिहायला मला चांगला पंधरवडा मिळाला होता. कागद आणला तर दौतीत शाई नव्हती. शाई मिळाली तर आर्वीचा बैलबाजार भरला, आणि बाजार भरल्यावर घरात कोण बसतं? शेवटी आज सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर बसून लिहिलं, तेही एका शेळीला हाकलत हाकलत. तेव्हा कुठं वाक्य अडखळलं तर सांभाळून घ्यावं.

पाहुण्यांना मी ठाऊक नसेन. मी केशव. फिरत्या सिनेमाच्या तंबूबरोबर इथं आलो. तंबू पुढं मोर्शीला गेला, मी राहिलो. का राहिलो? त्या दिवशी डॉक्टरसाहेबांना एक मारका गोऱ्हा धरायला माणूस पाहिजे होता. मी धरला. तेव्हापासून मोटारसायकलच्या मागच्या सीटवर, औषधाची पेटी मांडीवर घेऊन, हा सगळा मुलूख पाहिला. शाळेत भूगोलात मी नापास होतो. गुरुजींनी मोटारसायकलवरून शिकवलं असतं तर कदाचित पास झालो असतो. ते असो.

डॉक्टरसाहेबांची सेवा, सचोटी, मनमिळाऊ स्वभाव, यांवर आधीच्या वक्त्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही. मनमिळाऊवर मात्र माझी थोडी हरकत आहे. म्हणून मी मोटारसायकलवर बोलतो.

गेल्या दसऱ्याच्या वेळी तिच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. गाडी गेली बंडूजींच्या गॅरेजात. हमरस्त्यावरचे ट्रकवालेसुद्धा नागपूरऐवजी बंडूजींच्या दारात गाडी उभी करतात, एवढं सांगितलं की पुरे. त्यांनी चाक काढलं, पंक्चर जोडलं, चाक परत बसवलं, चेन चढवली, आणि तेवढ्यात खंडेनवमीच्या पूजेची वेळ झाली. आपल्याकडे नवमीला अवजारं पुसून देवीपुढं मांडली, हळदकुंकू वाहिलं, की दसरा उलटेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. पाने, पकडी, हातोडे, सगळे पाटावर जाऊन बसले. चाकाचे नट तेवढे राहिले, ते बंडूजींनी बोटांनी आवळले आणि दवाखान्यात येऊन सांगितलं, "डाक्टरसाहेब, नट हातानंच आवळले हायेत. दसरा झाला का पाना फिरवतो. तवर गाडी उभीच राहू द्या."

साहेब बरं म्हणाले. पण दुपारी सावळीहून माणूस धावत आला, कुंताबाईंची म्हैस व्यायला अडली आहे. कुंताबाईंकडे दुसरं जनावर नाही. त्या म्हशीच्या दुधावर त्यांच्या घरची चूल पेटते. साहेब तडक गॅरेजात गेले.

"बंडूजी, एवढे दोन नट आवळा."

"आज नाई जमत, साहेब."

"मग पाना मला द्या, मी आवळतो."

"तुमी आवळा का मी आवळा, पाना तं देवीपुढचाच नं?"

साहेबांनी गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीला किक मारली. मी पेटी घेऊन मागं बसलो, देवाचं नाव घेऊन. हाताने आवळलेलं चाक कसं चालतं, हे कोणाला पाहायचं असेल तर पाहू नये. वेग दिला की चेन चाकाला पुढं ओढते, चाक तिरकं होतं, टायर पत्र्याला घासतं, आणि ढिली झालेली चेन उतरून लोंबते. आम्ही चढवायची, तिनं उतरायची. सावळीच्या नाल्यापाशी ती अशी अडकली की चाक फिरेना. साहेबांनी गाडी बाभळीखाली टाकली, पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि तुरीतून पळत सुटले. एवढा शिकलेला माणूस पाटलोणीत इतका पळू शकतो, हे मी तेव्हा पाहिलं.

म्हैस वाचली. वगार झाली. कुंताबाई साहेबांचे चेनीनं काळे झालेले हात पाहून म्हणाल्या, "साहेब, तुमी म्हशीले हात लावता का कोळशाले?" वगारीचं नाव त्यांनी नवमी ठेवलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती, नाही का? पण साहेब परत आले ते थेट गॅरेजात, आणि पूजेला जमलेल्या लोकांदेखत म्हणाले, "बंडूजी, तुमचा पाना पाटावर बसला होता. म्हैस वाट पाहत नव्हती बसली."

बंडूजींचा चेहरा उतरला. म्हणाले, "गाडी उभी ठेवा म्हणलं होतं का नाई म्या? आता दुसरा गॅरेजवाला पाहा."

साहेबांनी आर्वीचा पाहिला. चूक कोणाची? मी दोघांच्याही घरचा चहा पितो, मला विचारू नका. एवढंच सांगतो की रोज संध्याकाळी गॅरेजच्या बाकावर शेजारी बसणारी ही दोन माणसं दसऱ्यापासून आजवर एकमेकांशी बोललेली नाहीत. आर्वीवाल्यानं नट पक्के आवळले, पण चेनही अशी ताणली की गाडी चालताना कुरकुरते. आणि दवाखान्याचा रस्ता गॅरेजवरून जातो.

एकदा ढाब्यावर बंडूजींनी मला गाठलं. "काऊन रे केशव, ते चेन कोणं ताणली?"

"आर्वीले ताणली."

"कपडे वाळवाची दोरी समजला का तो? चेनीले ढील पाहिजे. रोज आयकून राह्यलो मी, गाडी कण्हून राह्यली."

"मग सांगा नं साहेबाले."

"मी काऊन सांगू? मले इचारलं का त्याईनं?"

मी साहेबांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "बंडूजी काय म्हणाले ते मला ऐकायचं नाही." मग पेटी बंद करता करता, "किती ढील म्हणाले?"

काल मी आजचं आमंत्रण घेऊन बंडूजींकडे गेलो. त्यांच्या घरच्या मंडळींनी, मनकर्णाबाईंनी, आमंत्रण घेतलं. बंडूजी ट्रकखालूनच म्हणाले, "मी नाई येत. साहेब जाते तं जाऊ दे." मनकर्णाबाई म्हणाल्या, "भाऊ, रात्रभर कूस बदलून राह्यले हे." ट्रकखालून हातोडीचा आवाज जरा वाढला.

सभागृहाला माझा एकच प्रश्न आहे. कार्यक्रम संपला की साहेब याच गाडीवर भंडाऱ्याला नव्या दवाखान्यात रुजू व्हायला निघणार. सामान बैलगाडीनं स्टेशनवर गेलं. हा अबोला कोणत्या गाडीत चढवायचा? साहेब, मी लहान तोंडी बोललो, राग मानू नका. पण तुम्ही गेल्यावर त्या बाकावर मला एकट्याला बसवणार नाही.

असो. मला दोन शब्द बोलू दिले म्हणून अध्यक्षमहाराजांचे, आणि आपण शांतपणे ऐकून घेतलंत म्हणून आपल्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहून गेला असेल, काही जास्तीचं बोललं गेलं असेल, तर या फिरस्त्याला पदरात…

क्षमा करा, दाराशी उभे असलेले आपले नत्थूजी हात करून राह्यले. काय म्हणता? जरा मोठ्यानं बोला, मागच्यांना ऐकू जात नाही.

मंडळी, बंडूजी आले आहेत. आत नाही, बाहेर आहेत. साहेबांच्या गाडीचं मागचं चाक त्यांनी खोलून जमिनीवर ठेवलं आहे. निरोप असा आहे, "हे चेन भंडाऱ्यापावतर टिकत नाई. चाक धराले साहेबालेच पाठवा, दुसऱ्याले मी हात लावू देत नाई."

अध्यक्षमहाराज, सत्काराची शाल आपण जरा हातातच धरून ठेवावी. सत्कारमूर्ती बाह्या वर करत मागच्या दारानं गेले.