गुडघ्याच्या वर चार बोटं

गौदेंझिओ : एवढा आखूड घालून पोरगी नाचायला आली की शिट्ट्या पडणार म्हणजे पडणार. वरच्या गॅलरीत मी बसतो, तू नाही. तिथली माणसं गायिकेने नाक पुसलं तरी शिट्ट्या मारून हाकलतात.

एर्सिलिया : नाही पडायच्या. लाव पैज.

गौदेंझिओ : लावली. हरलीस तर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की चाळीच्या फाटकाशी उभं राहून माझी वजडी विकायची. ओरडून. आणि कमरेला हे तुझं... काय म्हणायचं याला? भिजलेली कोंबडी?

एर्सिलिया : नाचाच्या आखूड स्कर्टला पॅरिसवाले टुटू म्हणतात. आणि तू हरलास, तर हाच घालून पंपावरून सगळ्या मजल्यांना पाणी भरायचं. मिशांना खळ मी लावून देईन, फुकट.

झेलिंडा : झालं का तुम्हा दोघांचं? शनिवारी स्टेजवर मला उभं राहायचंय. आई, हा असा का पडतोय?

एर्सिलिया : लांब होता तेव्हा नुसतं लोंबायचं काम होतं त्याला. आता खालून कापला आणि म्हणतोय, उभा राहा. रुसलाय तो.

गौदेंझिओ : मग लांबच राहू द्या ना. काय वाईट होता? पोटरीपर्यंत, छान घंटेसारखा. माझ्या बापानेही तसाच पाहिला.

एर्सिलिया : आणि तुझ्या बापाच्या आज्याने? जमिनीला टेकणारा. आत वेताचा सांगाडा, वर जरीकाम, पायात टाचांचे बूट. बाई नाचतेय की कपाट सरकतंय, कळायचं नाही. मग एकीला वाटलं, एवढी मी पायांची करामत करते आणि ती बघतं कोण, जमीन? तिने घोट्यापर्यंत कापला. लोक म्हणाले, बुडाला धर्म. मग मलमल आली, पोटरीपर्यंत चढली. माझी आई तेच शिवायची.

झेलिंडा : आणि गॅसच्या दिव्याला लागून पोरी पेटायच्या त्यात.

एर्सिलिया : पेटायच्या. तेव्हा नाही कुणी शिट्टी मारली.

गौदेंझिओ : बरं बाई. पण आता विजेचे दिवे आलेत. आता कोण पेटतंय?

झेलिंडा : पेटत नाही, गुंडाळतो. काका, मी गिरकी घेऊन थांबते ना, तेव्हा तो थांबत नाही. येऊन पायाला वेढा घालतो. गेल्या मोसमात मी पडले ते कशामुळे वाटलं तुम्हाला?

गौदेंझिओ : मला वाटलं, फरशी ओली होती. चार लोकांना मी तसंच सांगितलंय.

झेलिंडा : ती मोठी नाचणारी रशियाला निघून गेली म्हणून शनिवारची जागा मला मिळाली. पुन्हा पडले तर नाचाचे मास्तर फुलांचा हार हातात देऊन शेवटच्या रांगेत उभं करतील. पुढच्या मोसमात तेही नाही. मग आहेच बटणांचा कारखाना.

गौदेंझिओ : बटणांत वाईट काय आहे? माझी मेहुणी...

झेलिंडा : मला बटणं नाही करायची. मला नाचायचंय.

एर्सिलिया : गौदेंझिओ, तू जरा तिकडे तोंड कर. झेले, खरं सांग. गुडघ्याच्या वर चार बोटं म्हणजे गुडघा दिसणार.

झेलिंडा : दिसू दे.

एर्सिलिया : डावा पुरता सरळ होत नाही तुझा. जिन्यावरून पडलीस तेव्हापासून. लांब घेरात मी तो इतकी वर्षं झाकला. मास्तरांनाही कळू दिला नाही.

झेलिंडा : तू झाकलास. मी त्याच्यावर उभी राहते, रोज. गच्चीत कठडा धरून, मग कठडा सोडून. तो एवढाच सरळ होतो, आई. याहून होणार नाही. पण फिरतो.

गौदेंझिओ : तोंड तिकडे केलं म्हणून कान बंद होत नाहीत. म्हणजे पैज मी जिंकलोच की. मला नकोय असली पैज.

एर्सिलिया : आता मागे फिरायचं नाही. आणि तो कोबी इकडे दे.

गौदेंझिओ : कोबी? तो रश्श्यातला आहे.

एर्सिलिया : दे म्हणते ना. बघ. आतली पानं आखूड आणि घट्ट, बाहेरची त्यांच्यावर रेललेली. म्हणून पसरतो, पडत नाही. मी मूर्ख सगळे थर एका मापाचे कापत बसले. आतला सगळ्यात आखूड, त्याला कडक खळ. मग जरा मोठा, मग जरा मोठा. सगळे चड्डीलाच शिवायचे, मध्ये टाके घालून एकमेकांना धरून ठेवायचे, आणि वाळेपर्यंत वटवाघळासारखा उलटा टांगायचा.

झेलिंडा : शनिवारपर्यंत होईल?

एर्सिलिया : व्हावाच लागेल. हा कोंबडीवाला काकांसाठी ठेव, पाणी भरायला.

गौदेंझिओ : कोबी माझा, पैज माझी, आणि हरवायचंही मलाच. अख्ख्या मिलानमध्ये एवढी लबाड शेजारीण दुसऱ्या कुणाला नसेल.

(रविवार. मिस्सा सुटली आहे. फाटकाशी वजडीचं पातेलं. त्यामागे पळी घेऊन एर्सिलिया, कमरेला तो फसलेला आखूड स्कर्ट.)

एर्सिलिया : वजडी घ्या, गरम वजडी. हसा, हसा, पण वाडगा पुढे करून हसा.

गौदेंझिओ : एर्सिलिया, पुरे झालं. पाद्रीबाबासुद्धा वळून बघून गेले. मी पैज सोडली.

एर्सिलिया : पाद्रीबाबांनी दोन वाडगे नेले. काल शिट्ट्या पडल्या की नाही?

गौदेंझिओ : पडल्या. पण ती स्टेजवर आली तेव्हा. सुरुवातीला.

एर्सिलिया : पडल्या म्हणजे पडल्या. तू सांग तू काय पाहिलंस. मी पडद्याआड होते, पण डोळे मिटून.

गौदेंझिओ : काय सांगू. अख्खी गॅलरी उठली. माझ्या शेजारी एक घोडागाडीवाला, त्याने तर दोन बोटं तोंडात घातली. वाजवणारे थांबले. त्यांच्यापुढे काठी हलवून ताल देणारा तो काठीवाला घाबरून विंगेत बघायला लागला. आणि ही आपली उभी. रडली नाही, पळाली नाही. लोक दमेपर्यंत उभी. मग तिनेच काठीवाल्याला मान हलवून सांगितलं, चालू कर.

एर्सिलिया : आणि मग?

गौदेंझिओ : मग फिरली. ती थांबली की तो घेरही तिथेच थांबायचा, शहाण्या कुत्र्यासारखा. गाडीवाल्याची बोटं तोंडात तशीच राहिली.

एर्सिलिया : गुडघा?

गौदेंझिओ : दिसला. विजेच्या उजेडात काय लपतंय.

एर्सिलिया : कुणी काही बोललं?

गौदेंझिओ : गाडीवाला बोलला. म्हणाला, ही या पायावर फिरली?

एर्सिलिया : ...हे घे, तुझा वाडगा. थंड होतोय.

गौदेंझिओ : ती बघ, आलीच तुझी लेक.

झेलिंडा : आई, हे काय, खरंच घातलास? सगळी गल्ली जमलीय.

एर्सिलिया : हरले, म्हणून घातला. मास्तर काय म्हणाले?

झेलिंडा : शनिवारी पुन्हा नाचायचं.

एर्सिलिया : लांब की आखूड?

झेलिंडा : त्यांनी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

एर्सिलिया : माझीच लेक गं तू. आणि तुझ्यामागे या कोण लपल्यात?

झेलिंडा : शेवटच्या रांगेतल्या. आपापले लांब स्कर्ट कापून घ्यायला आल्यात.

एर्सिलिया : गौदेंझिओ, पळी धर जरा. ये गं, पुढे ये. लाजतेस काय, माझ्याकडे बघ, मी काय घालून उभी आहे. गुडघा सरळ होतो का तुझा?

झेलिंडा : ते नको विचारूस, आई. लांबी विचार.