वर्दीतला फोटो

हरीश हे लिहिणारच नव्हता. चोरून ऐकलेलं कसलं लिहायचं! सिंगापुरात मित्राच्या, वेदांतच्या, रजिस्टर लग्नाला साक्षीदार म्हणून तो बाहेर बसला होता. वेदांतचे बाबा रुसून पुण्यातच राहिले होते. शेजारी दुसऱ्या एका लग्नाच्या दोन विहिणी इंग्रजीत बोलत बसल्या होत्या, दोघी श्रीलंकेच्या. मुलाची आई सिंहली, मुलीची तमिळ. मुलाची आई म्हणत होती,

“अक्का, जेवणाच्या हॉलमध्ये माझ्या थोरल्याचा फोटो नाही ठेवत मी.”

“का गं?”

“तो गेल्यावर एकच उरलाय, लष्करी वर्दीतला. युद्ध संपलं, पण तुमची माणसं बघतील ना.”

“बघू देत.”

“तुमच्या भावाला आमच्याच सैन्यानं...”

“हो. त्याचा तर फोटोही उरला नाही, घरच जळालं.”

“म्हणून तर म्हणते, नको.”

“आण गं तू. दोघांसाठी एकच समई लावू.”

“आणि कुणी विचारलं, हा सैनिक इथे कशाला?”

“सांगेन, माझ्या मुलीचा थोरला दीर आहे.”

“अक्का, रडवू नका हो. सगळं काजळ पसरेल.”

“पूस माझ्या पदराला. तुझ्याच मुलानं घेतलीय ही साडी.”

तेवढ्यात वेदांत आला. “चल, आपला नंबर. बाबांनी फोन नाहीच उचलला.”

हरीश उठला. “वेद्या, पुण्याला गेलो की आधी तुझ्या बाबांकडे जाईन. अजिबात न भांडता बोलेन. शब्द देतो.”